सवाष्ण व्हाळापलीकडची

मालवणी मुलखात नाव विचारायच्या आधी घर विचारतात. "कोणाचा गे चेडू तू?" म्हणजे कोणाची मुलगी तू, हा प्रश्न मला लहानपणापासून दर मे महिन्यात आणि दर चतुर्थीला ऐकावा लागला आहे. एसटीतून उतरताना, देवळाच्या पायरीवर, बाजारात मासे घेताना. इथे नुसतं आडनाव सांगून भागत नाही, कारण आमच्या गावात एकाच आडनावाच्या दोन वाड्या आहेत. मग सांगायचं, वरल्या घरातल्या मधल्या झिलाचं, म्हणजे मुलाचं. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याच्या डोक्यात माझ्या चार पिढ्या जागेवर बसतात आणि पुढचं सगळं तोच मला सांगू लागतो. आजोबा गिरणीतून रजा काढून जत्रेला कसे यायचे, पणजोबांचा आवाज व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, कसा पोचायचा, आमच्या खळ्यातला, म्हणजे अंगणातला, फणस कोणी लावला.

हे सांगणारी माणसं आता वर्षागणिक कमी होत आहेत. शहरात वाढलेल्या आम्हा भावंडांपैकी कुणाला कधीतरी हे सगळं कागदावर उतरवून घ्यावं लागणार, हे मला कळत होतं. निमित्त मात्र रुक्ष निघालं. वडिलांच्या पश्चात जमिनीवर वारसांची नावं लावायची होती आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यायची होती. ती तयार करताना लक्षात आलं की सरकारी वंशावळीत मी आहे, आत्या आहेत, बहिणी आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, त्यामुळे आम्हाला वगळणं आता शक्य नाही. पण आमच्या भावकीकडे जी जुनी वंशावळ आहे, आजोबांच्या चुलतभावाने फुलस्केपवर शाईने काढलेली, तिच्यात एकही बाई नाही. मूळपुरुषापासून खाली सगळे पुरुषच. जणू ते एकमेकांपासून थेट जन्मले.

त्या कागदाबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट कृतज्ञता आहे. त्या काळी त्यांनी ते केलं नसतं तर आज मला सुरुवातीला धरायला काहीच नव्हतं. पण तो पाहिल्यापासून दोन गोष्टी मनात राहिल्या. एक, या पुरुषांच्या आया कोण होत्या? आणि दोन, तो कागद पाच पिढ्यांवर का थांबतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या हवेत आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल असते, कपड्यांना वास लागतो, पुस्तकांच्या कडांवर बुरशी धरते. त्यातून उरलं ते वाळवी खाते. आजचं चिऱ्याचं, कौलारू घर आम्हाला जुनं वाटतं, पण त्याच्याआधी बहुतेकांची घरं मातीची नि गवताने शाकारलेली होती, आणि अशा घराला आग लागली की खुंटीवरच्या पंच्यापासून फडताळातल्या दस्तापर्यंत सगळं एका रात्रीत जायचं. अशा मुलखात ज्यांना आपली आठवण टिकवायची होती त्यांनी ती कागदाच्या भरवशावर ठेवली नाही. त्यांनी ती रीतीत ठेवली. कोणाच्या घरून पहिला नारळ, देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यात कोणाचं नाव आधी, देवाची तरंगकाठी कोणाच्या हातात, पितृपक्षातल्या म्हाळाला कोणाला बोलवायचं. ही सगळी आमच्या भागातली दफ्तरं आहेत, आणि ती वाचता येतात असा माझा अनुभव आहे.

उदाहरण घ्यायचं तर गावऱ्हाटी. मालवण, कणकवली, देवगड, कुडाळ या पट्ट्यात जुन्या गावांच्या देवस्थानाचा कारभार बारा-पाच मानकऱ्यांच्या हातात असतो. कौल लावायला गुरव, गाऱ्हाणं घालायला घाडी, पुढे उभे राहायला गावकर, आणि प्रत्येक घराण्याचा ठरलेला मान. दसऱ्याला तरंग, म्हणजे लुगड्यांनी सजवलेल्या देवांच्या काठ्या, बाहेर निघतात तेव्हा बाहेरच्याला त्यात रंगीत लुगडी आणि ढोल दिसतात. गावातला माणूस मात्र क्रम पाहत असतो. कोण पुढे, कोण मागे, कोणी हात लावायचा, कोणी लावायचा नाही. आमच्या गावचे घाडी गाऱ्हाणं घालतात तेव्हा "बा देवा म्हाराजा" म्हणून ते मूळपुरुषापासून सुरुवात करतात, मग स्थळ, मग गावाच्या चार दिशांचे राखणदार, मग घराणी, आणि दर वाक्यामागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. घराण्यांचा तो क्रम आणि गावातल्या वस्तीचा क्रम बराचसा एकच आहे. आधी आलेल्यांचं नाव आधी. आमचं घराणं त्यात मध्यावर येतं, म्हणजे आम्ही गाव वसवणाऱ्यांतले नाही, पण अगदी अलीकडचेही नाही. हे मला कोणत्याही दप्तरात सापडलं नसतं.

आलो कुठून, हेही रीतच सांगते. आमची ग्रामदेवता सातेरी, पण वर्षातून एकदा घरातला एक माणूस कुलदेवतेचा नारळ घेऊन गोव्याला जातो. कुलदैवत एकीकडे आणि गाव दुसरीकडे, हे आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचं आहे. पोर्तुगीज अमलात १५६० च्या दशकात सासष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेशी कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, नेल्या गेल्या. देवांच्या मागेपुढे माणसंही निघाली, आणि पुढच्या पिढ्यांत त्यांतली काही उत्तरेला सरकत राहिली. आमचे पूर्वज नेमके त्यांतले की नंतर शेतीसाठी आलेले, हे छातीठोकपणे सांगायला माझ्याकडे पुरावा नाही. पण एक घर पिढ्यानपिढ्या, भातकापणी संपली की, एका ठरावीक दिशेला एक नारळ पाठवत राहतं, यालाही मी एक प्रकारचा दाखलाच मानते.

आडनावंही अशीच बोलतात, जरा उलटीकडून. आचरेकर, पेंडूरकर, वालावलकर ही माणसं त्या त्या गावांतून बाहेर पडलेली असणार, कारण गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरज पडत नाही. जुन्या कागदांत तर सर्वसामान्य शेतकऱ्याला आडनावच नसतं. "अमुक बिन अमुक" एवढ्यावर काम भागवलेलं असतं. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. धोंडूचा गोविंद, गोविंदाचा धोंडू, पुन्हा गोविंद. पहिल्यांदा हे पाहून जीव दमतो, पण पुढे हीच गोष्ट उपयोगी पडते. दोन धोंडूंमध्ये एक गोविंद नसेल तर मधली पिढी आपल्या हातून निसटली आहे असं समजायचं आणि पुन्हा मागे जायचं.

कागदांकडे मी दुर्लक्ष केलं असं नाही. जे ओलीतून आणि वाळवीतून वाचले ते सगळे पाहायचा प्रयत्न केला. सातबारा आणि फेरफार तर सगळेच पाहतात. कोणाच्या मृत्यूनंतर कोणाचं नाव चढलं, कोणत्या भावाने वाटणी मागितली, हे फेरफारात असतं. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख असते, जी बहुधा मास्तरांनीच ठरवलेली असते, त्यामुळे गावातली अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली दिसतात. नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे गेले. तिथे गावागावांच्या आणि घराण्यांच्या नामावळी वंशपरंपरेने सांभाळलेल्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाने कुठल्या सालात कोणाबरोबर आलो, घरात कोण कोण आहेत, हे नोंदवून खाली सही किंवा अंगठा केलेला असतो. आमच्या गावचं पान निघालं तेव्हा मला तिथे खापरपणजीचं नाव मिळालं, जे गावात कोणीच सांगू शकलं नव्हतं. खापरपणजोबा तिला घेऊन एवढ्या लांब आले होते, आणि उपाध्यायांनी तिचं नाव विचारून लिहून घेतलं होतं. त्या अनोळखी लिहिणाऱ्याचे मी तिथे बसून मनोमन पाय धरले.

कोर्टाचे कागदही पाहावेत असं मी प्रत्येकाला सांगते. आमच्याकडे देवस्थानच्या मानपानावरून भांडणं होतात, जत्रा अडतात, दावे वर्षानुवर्षं चालतात. गावाला त्याचा त्रास होतो हे खरंच. पण मान आपलाच हे सिद्ध करायला प्रत्येक पक्षाने आपली वंशावळ दाखल केलेली असते, आणि समोरच्याने ती खोडायला आणखी जुने पुरावे आणलेले असतात. आमच्या भावकीतल्या एका जुन्या दाव्याच्या नकलांमधून मला एक आख्खी शाखा मिळाली, जी मुंबईला जाऊन तिथलीच झाली होती.

आणि मग गाव नमुना १४. जुनी माणसं त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात: तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. जुनी पानं मोडीत आहेत. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली सोडत जायची. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. मी पुराभिलेख खात्याच्या एका वर्गात मोडी शिकले आणि तरीही पहिल्या पानाला घाम फुटला, कारण वर्गातलं मोडी वळणदार असतं आणि गावचं घाईतलं. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसिलांमधली अशी बरीच दप्तरं कपाटांतून बाहेर निघाली, त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या आणि मोडी वाचकांना अचानक भाव आला. कारण काही असो, कागद उजेडात आले ही गोष्ट मोलाची. ओलीत सडण्यापेक्षा ते लोकांच्या नजरेखाली असलेले बरे. शोधताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हा सगळा भाग रत्नागिरीत, आणि सावंतवाडीकडचा मुलूख १९४८ पर्यंत संस्थानात. त्यामुळे आपलं गाव कोणत्या साली कोणाच्या हुकमाखाली होतं ते आधी माहीत असावं लागतं, नाहीतर माणूस भलत्याच कचेरीच्या पायऱ्या चढत राहतो.

कोतवाल बुकात १९१८ ची पानं वेगळी ओळखू येतात. इतर महिन्यांत दोन-चार मृत्यू, आणि त्या वर्षाच्या पावसाळ्याअखेरीस पानंच्या पानं. कारणाच्या रकान्यात तोच शब्द, ताप, ताप, ताप. हा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची मोठी लाट आली. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मुंबईत पोटासाठी गेलेले कोकणी लोक तेव्हा आगबोटीने घरी परतत, आणि माझी समजूत अशी की ताप त्यांच्याच गाठोड्यांबरोबर आमच्या बंदरांत उतरला. महाराष्ट्रात त्याला मानमोडी म्हणत. त्या पानांवर बोट फिरवताना एक ओळ लागली: अमुक कोम अमुक, वय १९, ताप. कोम म्हणजे अमक्याची बायको. नवऱ्याचं नाव माझ्या पणजोबांचं होतं. बापाचं नाव, घर, सगळं जुळत होतं. पण १९१८ मध्ये गेलेली ही बाई माझी पणजी नव्हती. पणजीला मी पाहिलं नाही, पण माझ्या वडिलांना तिने मांडीवर खेळवलं होतं.

हे वाचलं आणि आमच्या घरातल्या एका रीतीचा अर्थ माझ्यासमोर उघडा पडला.

पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ असतो, सगळ्यांकडे असतो तसाच. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळा, अळू, आणि कावळ्याची वाडी. त्याखेरीज अविधवा नवमीला आमच्याकडे एक सवाष्ण जेवते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी हा दिवस, आणि अनेक घरांत तो नवरा हयात असेपर्यंतच पाळतात. पणजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, आजोबा गेले, तरी आमच्याकडे तो चालूच राहिला. आजीला आम्ही विचारायचो, कोणासाठी गो ही? ती एवढंच म्हणायची, "ती आमची मोठी. तिका पयला पान." आम्हाला वाटायचं कोणीतरी देवी असावी. सवाष्ण कोणीही चालत नसे. भावकीतली नाही, शेजारची नाही. व्हाळापलीकडे एक घर आहे, आमच्या कुळाचं नव्हे, तिथूनच बाई बोलवायची. व्हाळाला पाणी चढलं तर लांबचा फेरा घेऊन तिला आणायला माणूस जायचा. मुंबईत वाढलेल्या आम्हाला हा नुसता हट्ट वाटायचा. इतकी घरं असताना तेच घर का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, आणि तरी गणपतीनंतर पंधरा दिवसांत तिकडे निरोप गेला नाही असं कधी झालं नाही.

कोतवाल बुकाची ती ओळ घेऊन मी व्हाळापलीकडच्या घरी गेले. ओटीवर तिथली सर्वांत वयस्क बाई बसली होती. तिने मला आधी "कोणाचा गे?" विचारलं आणि मी घर सांगितलं. मग मी वय आणि साल सांगितलं. ती क्षणभरही थांबली नाही. "आमच्या आज्याची भैण तुमच्या घराक दिलेली. वर्सभर पण ऱ्हवली नाय. तापाच्या साथीत गेली." आणि तिने त्या मुलीचं माहेरचं नाव सांगितलं. कोतवाल बुकात होतं ते सासरचं, लग्नात बदललेलं. शंभर वर्षांहून जास्त काळ एका मुलीची दोन नावं दोन ठिकाणी पडून होती, एक मोडीत आणि एक त्या ओटीवर, मध्ये फक्त एक व्हाळ.

तिला मूल नव्हतं. म्हणून कोणत्याही फेरफारात ती नाही, कोणत्याही दाव्यात नाही, भावकीच्या फुलस्केपवर असण्याचा प्रश्नच नाही. वंशावळ वंश मोजते, आणि तिने वंश वाढवला नाही. पण तिच्या जागी आलेल्या माझ्या पणजीने तिला विसरायचं नाकारलं. आजीच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एक छोटा चांदीचा टाक असायचा, ज्याला आम्ही लहानपणी हात लावायला जायचो आणि ती पदर ओढून घ्यायची. तो सवतीचा टाक. दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाने घालतात तो. पणजीकडून तो आजीकडे आला. खरं तर आजीचा त्या सवतीशी काही संबंध नव्हता, तो टाक पणजीबरोबरच थांबायला हरकत नव्हती. पण पणजीने तो आजीच्या गळ्यात घातला आणि नवमीची जबाबदारीही दिली. भीतीने दिली, असं कोणी म्हणेल, सवत बाधते म्हणून. भीतीचा अंश असेलही. पण बोलवायची ती तिच्या माहेरचीच बाई, वाट वाकडी करून, आणि पहिलं पान तिला, यात मला भीतीपेक्षा मोठं काहीतरी दिसतं. अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी आपल्याआधी या चुलीपाशी वावरून गेली आणि तिच्या माहेराचा या घराशी असलेला धागा तुटू नये, असं माझ्या पणजीला वाटलं. तिला लिहिता येत नव्हतं. लिहिता येणाऱ्यांनी जे नोंदवलं नाही, ते तिने असं नोंदवलं.

तेव्हापासून मला वंशावळ करणं आणि रीतिरिवाज जपणं ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत. रीत मोडली की तिच्यात ठेवलेलं माणूस जातं, आणि माणूस माहीत नसलं की रीत पोकळ होऊन मोडते. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. त्या घराण्यांनी चित्रांच्या पोथ्या पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांनी त्यांसाठी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती चित्रं नुसती पाहून कथा कळत नाही. एकेक पान पुढे धरून, वाद्याच्या साथीने कोणीतरी ती सांगावी लागते. आमच्या सगळ्या जुन्या गोष्टींचं असंच आहे. कागद आणि सांगणारा दोघं लागतात.

सगळ्याच रीती जशाच्या तशा चालवाव्यात असं मी मुळीच म्हणत नाही. गावऱ्हाटीच्या क्रमात गावाचा इतिहास आहे तशी गावाची उतरंडही आहे. काही घराण्यांना देवाच्या कामात राबायची जबाबदारी होती, पण सभामंडपात उभं राहायची मुभा नव्हती. हेही लिहूनच ठेवलं पाहिजे, त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्या नावांसह, आणि चालवता मात्र कामा नये. मानाच्या यादीतून एक ओळ गाळली की इतिहास स्वच्छ होत नाही. तो फक्त खोटा होतो.

आमच्या नवमीवरही ही वेळ आली. व्हाळापलीकडच्या घरातली ती वयस्क आजी गेली. तिचे मुलगे वसई-विरारला, सुना तिकडेच. गावच्या घरात राहिली एकच, धाकटी सून, आणि तिचा नवरा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला. म्हणजे सवाष्ण म्हणून बोलवायला त्या घरात कोणी उरलंच नाही. भावकीत चर्चा झाली. कोणी म्हणालं, आता ही रीत देवाला सांगून बंद करू. कोणी म्हणालं, भावकीतलीच एखादी सवाष्ण बसवू, देव समजून घेईल. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं, ती बातमी मी सगळ्यांना वाचून दाखवली. ऐकून घेतलं सगळ्यांनी, पण निर्णय झाला तो मोठ्या काकीच्या बोलण्याने. ती चुलीपाशी वड्यांचं पीठ मळत होती. तिथूनच म्हणाली, "सवाष्ण व्हयी म्हणान बोलावतंव काय आमी? त्या घरातली बाई व्हयी म्हणान बोलावतंव. ती आसा मा?"

ती आहे ना. मग विषय संपला. निरोप गेला. ती सून यायला तयार नव्हती, लोक काय म्हणतील म्हणून दोनदा नाही म्हणाली. मग काकी स्वतः पिशवीत हिरवं लुगडं घालून व्हाळ ओलांडून गेली आणि तिला घेऊन आली. तिला पाटावर बसवली, कुंकू लावलं, पहिलं पान वाढलं. भावकीतल्या दोन घरांतली माणसं त्या दिवशी जेवायला आली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांतल्या एका घरातली आली.

हे सगळं मी एका वहीत लिहिते आहे. बालबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत, मोठ्या अक्षरात, आणि त्याच्या प्रती काढून गावातल्या चार घरांत आणि मुंबईतल्या चार घरांत ठेवल्या आहेत, म्हणजे एका वाळवीने सगळं खाऊ नये. माणसाच्या नावापुढे आईचं नाव, आईचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव, हे रकाने आधी आखलेत. मूल नसलेल्यांना वेगळी पानं दिली आहेत. प्रत्येक रीतीपुढे ती कोण करतं, कोणाच्या सांगण्यावरून, आणि कोणत्या साली काय बदललं, हे लिहायची जागा आहे. घाडीकाकांनी गाऱ्हाणं ध्वनिमुद्रित करू दिलं, पण ते बाहेर कुठे टाकायचं नाही या अटीवर, आणि ती अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. त्यांचा पुतण्या मे महिन्यात येऊन गाऱ्हाणं शिकतो आहे. घराण्यांचा क्रम त्याला पाठ झाला, राखणदारांत अजून अडखळतो.

जेवणं झाल्यावर त्या दिवशी ती सून बराच वेळ खळ्यात बसली होती. काकीने विडा दिला. बोलता बोलता ती म्हणाली की तिच्या सासूने तिला एकदा सांगितलं होतं, तापात गेलेल्या त्या मुलीला एक धाकटी बहीण होती. तिला देवगडकडे दिलं होतं, खाडीच्या पलीकडच्या एका गावात, आणि तिची माणसं पूर्वी होळीला इकडे यायची. त्या गावाचं नाव मी लिहून घेतलं आहे. तिथली जुनी दप्तरं देवगडलाच आहेत की रत्नागिरीला, तेवढं विचारून घेतलं की निघायचं.